बाळाची जन्मनोंद: कागद कोणी द्यायचा आणि आई-वडील म्हणून नाव कोणाचं लागतं?

सावळी_सांज (धागाकर्ती)

पहिलं बाळंतपण माहेरी, हे अजूनही बऱ्याच घरांत ठरलेलं असतं. समजा बाळ मिरजेत झालं, सासर पुण्यात आणि वडील जहाजावर. नोंदीचा कागद मामाने दिला तर चालतो का, की वडील परत येईपर्यंत थांबायचं?

त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न आहे. वडिलांच्या रकान्यात कोणाचं नाव जाणार हे ठरवतं कोण? सही करणारा, आई, दवाखाना की निबंधक (जन्म-मृत्यूची नोंद करणारा सरकारी अधिकारी)? दत्तक, सरोगसी, एकटी आई, लग्न न करता राहणारं जोडपं, सगळं इथे एकत्र आलं तर बरं होईल. "कोणीतरी सांगितलं" नको, नियम सांगा.

खडूफळा

दोन्ही प्रश्न वेगळे काढलेत ते उत्तम. निम्मे घोळ ते एकत्र करण्यातूनच होतात.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम ८. बाळ दवाखान्यात, प्रसूतिगृहात किंवा नर्सिंग होममध्ये झालं असेल तर माहिती देण्याची जबाबदारी तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची किंवा त्याने नेमलेल्या माणसाची. मामाची नाही, वडिलांचीही नाही. घरी झालं तर कुटुंबप्रमुखाची, तो नसेल तर घरात हजर असलेल्या त्याच्या जवळच्या नातेवाइकाची. तुरुंगात झालं तर तुरुंगाच्या अधिकाऱ्याची. लॉज, वसतिगृह, धर्मशाळा यांत तिथल्या व्यवस्थापकाची. चालत्या वाहनात झालं तर वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी कळवायचं. बेवारस सापडलेलं नवजात असेल तर गावपातळीवरचा अधिकारी आणि पोलीस ठाण्याचा अंमलदार.

या सगळ्यांना फॉर्मच्या भाषेत 'माहिती देणारा' म्हणतात. माहिती देणाऱ्याचं नाव वडिलांच्या रकान्यात जात नाही, त्याच्या स्वतःच्या रकान्यात जातं. मामाने सही केली म्हणून मामा बाप होत नाही.

पावणेआठ

एसटीत जन्म झाला तर नोंद कंडक्टरने करायची? तिकीट अर्धं की पूर्ण?

खडूफळा

@पावणेआठ, वाहन ज्याच्या ताब्यात तो, म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टर धरा. तिकिटाचं डेपोत विचारा :-)

नदीकाठ_३

थोडी भर. जिथे जन्म, तिथेच नोंद. बाळ मिरजेत झालं तर नोंद सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतल्या निबंधकाकडे होईल, पुण्यात होणार नाही. "आम्ही पुण्याचे, दाखला पुण्याचा हवा" हा हट्ट सोडा. पुणे येतं ते पत्त्याच्या रकान्यांत. 'जन्माच्या वेळचा आई-वडिलांचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता' असे दोन वेगळे रकाने असतात. माहेरचा पत्ता पहिल्यात टाकला तरी दुसऱ्यात सासरचा टाका.

ग्रामपंचायत हद्दीत घरी बाळंतपण झालं तर निबंधक म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक). एएनएम (उपकेंद्राची परिचारिका) किंवा आशाताई कळवतात, पण त्यांनी कळवलं म्हणजे नोंद झाली असं नव्हे. नमुना क्रमांक १, म्हणजे जन्मनोंदीचा फॉर्म, भरून सही झाली पाहिजे.

अडकित्ता

मुदत कोणी सांगितलीच नाही. २१ दिवसांत फुकट. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क. ३० दिवस ते वर्षाच्या आत असेल तर जिल्हा निबंधकाची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश. या कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीआधी हे काम प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे होतं. दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली.

त्याच दुरुस्तीने ३० दिवस ते वर्ष या टप्प्यासाठीचं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र काढलं आणि स्वसाक्षांकित (स्वतः सही केलेला) कागद पुरेसा केला. तरी काही खिडक्यांवर अजून स्टँपपेपर मागतात. शुल्क किरकोळ असतं, वेळ खातात ते कागद. वर्षानंतरच्या नोंदींवर महाराष्ट्रात २०२५ पासून कडक तपासणी आहे. "शाळेच्या वेळी बघू" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

निंबोणी

१ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, पासपोर्ट, सरकारी नोकरी यांसाठी जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला धरायचा आहे. आधीच्या पिढीचं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभावलं, या पिढीचं निभणार नाही.

काळी_कपिला

मुद्द्याचं बोलू. वडिलांचं नाव.

लग्न झालेलं असेल तर कायद्याचं गृहीतक नवऱ्याच्या बाजूने आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ११२, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६. वैध विवाह चालू असताना, किंवा विवाह संपल्यापासून २८० दिवसांत आणि तोवर आईने पुन्हा लग्न केलं नसताना झालेलं मूल त्या नवऱ्याचं औरस (लग्नातलं, कायदेशीर) मूल मानायचं. हा निर्णायक पुरावा. खोडायचा तर गर्भधारणेच्या काळात दोघांना एकमेकांपर्यंत पोहोचण्याची संधीच नव्हती हे सिद्ध करावं लागतं. नुसता डीएनएचा हट्ट चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच सांगितलं.

म्हणून "वेगळे राहतोय, नवऱ्याचं नाव नको, दुसऱ्याचं लावा" असं निबंधकाला सांगून उपयोग नाही. त्याला तो अधिकारच नाही, हे काम न्यायालयाचं.

माळावरचा_वारा

@काळी_कपिला, इथे असहमत. गृहीतक न्यायालयात लागतं, खिडकीवर नाही. निबंधक विवाह प्रमाणपत्र मागतो तेव्हा तो न्यायाधीश होऊ पाहतो. नमुना १ मध्ये विवाह प्रमाणपत्राचा रकानाच नाही. वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता, जन्मठिकाण, माहिती देणाऱ्याची सही, एवढाच कायदेशीर भाग.

काळी_कपिला

बरोबर, विवाह प्रमाणपत्राची अट नाही. मी म्हटलं ते वेगळं. नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाचं नाव घालण्याचा वाद निबंधकाने सोडवू नये. तुम्हीही दुसऱ्या शब्दांत तेच म्हणताय: तो न्यायाधीश नाही.

माळावरचा_वारा

ठीक, इतपत सहमत.

नदीकाठ_३

नमुना १ चा विषय निघालाच आहे तर. त्याचे दोन भाग असतात. वरचा कायदेशीर, तो नोंदवहीत जातो. दुसरा सांख्यिकी: आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय, आईचं लग्नाच्या वेळचं आणि प्रसूतीच्या वेळचं वय, प्रसूतीचा प्रकार, बाळाचं वजन, गरोदरपणाचे आठवडे. हा भाग दाखल्यावर येत नाही. आईवडिलांच्या धर्माचे रकाने नव्या नमुन्यात वेगवेगळे आहेत, पूर्वी कुटुंबाचा धर्म असा एकच होता.

जुळं असेल तर प्रत्येक बाळाचा स्वतंत्र फॉर्म आणि शेऱ्यात 'जुळे' लिहायचं. घाईत एकाच फॉर्मवर दोन नावं टाकतात आणि मग दुसऱ्या बाळाची नोंदच सापडत नाही. बाळ जन्मून थोड्या वेळात गेलं तर जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदवायचे. पोटातच दगावलं तर मृतजन्माचा नमुना ३.

वाफाळता_चहा

नाव ठरलं नसेल तर? आत्या बाराव्यालाच येणार आहे आणि तिच्याकडे नावांची यादी आहे.

निंबोणी

नावाशिवाय नोंद होते. रकाना कोरा सोडा, 'बेबी ऑफ अमुक' लिहू नका. तेच नाव म्हणून छापलं गेलं तर ते काढायला दुरुस्तीचा अर्ज लागतो. कलम १४ प्रमाणे नोंदीपासून १२ महिन्यांत नाव फुकट, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणजे आत्याला भरपूर वेळ आहे. २१ दिवसांची मुदत जन्माच्या नोंदीची, नावाची नाही.

सावळी_सांज

एकट्या आईचं काय?

काळी_कपिला

६ जुलै २०१५, सर्वोच्च न्यायालय, 'एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य'. एकटी किंवा अविवाहित आई तिच्या पोटी झालेल्या मुलाच्या दाखल्यासाठी आली तर तिच्याकडून फक्त तसं प्रतिज्ञापत्र घ्यायचं आणि दाखला द्यायचा. न्यायालयाचा उलट आदेश असेल तरच थांबायचं. वडिलांचं नाव सांगायला तिला भाग पाडता येत नाही. रकाना कोरा राहतो. 'अज्ञात', 'लागू नाही' असली भर घालायची गरज नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने कलम ८ मध्येही हे आलं. एकल पालक किंवा अविवाहित आईच्या पोटी झालेल्या मुलाची माहिती तो पालकच देऊ शकतो.

माळावरचा_वारा

याची दुसरी बाजूही सांगा. वडील कोण ते माहीत आहे, लग्न झालेलं आहे, नोंदीत नाव आहे आणि नंतर भांडण झालं. मग आईला "आता मी एकल पालक, वडिलांचं नाव काढा" म्हणता येतं का? नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२५ मध्ये अशी याचिका खर्चासह फेटाळली. जन्मनोंदीवर आईचा किंवा वडिलांचा हक्क चालत नाही, ती मुलाची नोंद आहे, असं म्हणून.

पावणेआठ

म्हणजे नोंदवही म्हणजे घटस्फोटाची पुरवणी नव्हे. +१

अडकित्ता

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांसाठी: आईचं नाव लागतंच. वडिलांचं लावायचं असेल तर त्या पुरुषाने स्वतः हे मूल माझं आहे असं लेखी कबूल करायला हवं. दोघांचं संयुक्त प्रतिज्ञापत्र दिलं की बहुतेक निबंधक घेतात. एकट्या आईने परस्पर कोणाचं नाव घालू नये. नंतर तो माणूस नाकारायला उभा राहिला तर दुरुस्तीचं प्रकरण वर्षभर चालतं. मालमत्तेचे, वारशाचे वाद वेगळेच, त्यांत शिरत नाही.

आई १८ च्या आत असेल तर दवाखान्याला पॉक्सोखाली (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं. पण बाळाची नोंद त्यासाठी अडवायची नाही. नोंद गुन्ह्याची नाही, जन्माची आहे.

दगडी_पाटा

सरोगसीचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. सरोगसी (नियमन) अधिनियम २०२१, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. त्यात एक शहाणपणाची तरतूद आहे. प्रक्रिया सुरू होण्याआधीच इच्छुक जोडपं (किंवा इच्छुक स्त्री) आणि सरोगेट आई (त्यांच्यासाठी बाळ पोटात वाढवणारी स्त्री) मिळून प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करतात. बाळाचे पालक कोण आणि ताबा कोणाचा, याचा आदेश तिथून घेतात. बाळ जन्मल्यावर हाच आदेश जन्माचं प्रतिज्ञापत्र म्हणून वापरायचा. निबंधकाने आई म्हणून सरोगेटचं नाव लावायचं नाही, कारण कायद्याने मूल इच्छुक जोडप्याचं जैविक मूल मानलं जातं.

चूक इथे होते: दवाखान्याच्या केसपेपरवर सरोगेटचं नाव असतं आणि नोंदलेखनिक तिथलंच नाव उतरवून घेतो. त्यामुळे प्रसूतीच्या दिवशीच आदेशाची प्रमाणित प्रत दवाखान्याच्या नोंद विभागात द्यावी. नंतर दुरुस्त करायचं म्हटलं तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली अर्ज करावा लागतो.

दाता बीज किंवा शुक्राणू वापरून आयव्हीएफ केलं असेल तर प्रश्नच नाही. २०२१ चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा म्हणतो, मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचं. दात्याला पालकत्वाचा हक्क नाही. नोंदीत दात्याचा उल्लेखही येत नाही.

वाफाळता_चहा

दत्तकाला जन्मदाखला कोण आणतं? आईवडील की संस्था?

दगडी_पाटा

मार्गावर अवलंबून.

कारामार्फत (कारा म्हणजे केंद्राचं दत्तक प्राधिकरण), म्हणजे विशेष दत्तक संस्थेतून मूल घेतलं असेल तर नव्या कलम ८ प्रमाणे माहिती देणारा त्या संस्थेचा प्रमुख. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश देण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलेत. आदेश मिळाला की संस्थाच निबंधकाकडे अर्ज करते. दाखल्यावर पालक म्हणून दत्तक आईवडील आणि जन्मतारीख आदेशात असेल ती. मूल बेवारस सापडलेलं असेल तर जन्मतारीख बाल कल्याण समितीने वैद्यकीय तपासणीवरून ठरवलेली असते. तीच कायम.

घरातल्या घरात, म्हणजे हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ खाली घेतलं असेल तर नोंदणीकृत दत्तकपत्र लागतं आणि माहिती दत्तक आईवडील देतात. साध्या स्टँपपेपरवर "आम्ही मूल दिले-घेतले" लिहून भावाभावांत सह्या केल्या तर निबंधक नाव बदलणार नाही. त्या कायद्यात मूल १५ वर्षांखालचं असावं लागतं (रूढी वेगळी असल्याशिवाय). एकट्या स्त्रीने मुलगा किंवा एकट्या पुरुषाने मुलगी घेतली तर वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांना हा कायदा नाही, त्यांनी बाल न्याय कायद्याच्या, म्हणजे वरच्या काराच्याच, मार्गाने जावं.

कासवाची_चाल

सावत्र वडिलांचं नाव? हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

काळी_कपिला

दुसऱ्या लग्नाने जन्मदाखला बदलत नाही. जन्माच्या दिवशी जे खरं होतं ते नोंदीत आहे आणि दुरुस्ती चुकीची होते, बदललेल्या परिस्थितीची होत नाही. सावत्र वडिलांनी रीतसर दत्तक घेतलं तरच. आडनावाचं वेगळं: जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पहिला नवरा वारल्यावर आई नैसर्गिक पालक असते आणि मुलाचं आडनाव ती ठरवू शकते. पण आडनाव आणि 'वडिलांचे नाव' हे दोन रकाने आहेत.

पावणेआठ

ज्यांना दोन आया किंवा दोन बाबा आहेत त्यांचं?

माळावरचा_वारा

आज भारतात एकाच व्यक्तीचं नाव लागतं. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही आणि अविवाहित जोडप्याला एकत्र दत्तक न देणारा काराचा नियमही बहुमताने टिकला. त्यामुळे दत्तक एकट्याच्या नावावर आणि दाखलाही तसाच. मात्र केरळ उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये एका ट्रान्स जोडप्याच्या मुलाच्या दाखल्यावर आई, वडील असे रकाने न ठेवता 'पालक' असं लिहायला सांगितलं. तो त्या प्रकरणातला आदेश आहे. महाराष्ट्रातल्या खिडकीवर ते कात्रण दाखवून काम होणार नाही, उच्च न्यायालयातच जावं लागेल.

दुबईकर_नानी

परदेशातल्यांसाठी थोडं. बाळ बाहेर झालं आणि भारतीय नागरिकत्व हवं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत नोंद करावी, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं. तिथली नोंद राहिली आणि कुटुंब कायमचं राहायला परत आलं तर १९६९ च्या कायद्यातलं कलम २० आहे: भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे नोंद करता येते. सुट्टीला आलेल्यांसाठी ते नाही.

निंबोणी

अवांतर, पण महत्त्वाचं: नावांचा क्रम. राज्य सरकारच्या मार्च २०२४ च्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. पण जन्म नोंदवहीचा नमुना केंद्राच्या कायद्याखाली येतो, म्हणून तिथे केंद्राशी विचारविनिमय करायचं त्याच निर्णयात आहे. बाळाच्या रकान्यात काय छापलं जाणार हे खिडकीवर आधी विचारा.

आईचं नाव आधारवर माहेरचं, केसपेपरवर सासरचं, हा आपला राष्ट्रीय छंद. दाखल्यावर जे छापलं जाईल त्याच्याशी पुढे पासपोर्ट ताडून पाहतात. नाव आधार आणि पॅनवर आहे तेच लिहा, सासूबाईंना आवडतं ते लिहू नका.

वाफाळता_चहा

सासूबाईंना हा धागा वाचायला देतेय.

सावळी_सांज

खूप मिळालं. मग मूळ प्रश्नाकडे: मिरजेतलं बाळ, वडील जहाजावर. मामाने नेमकं काय करायचं?

खडूफळा

दवाखान्यात झालं असेल तर मामाने अर्ज करायचा नाही, पाठपुरावा करायचा. डिस्चार्जच्या आधी दवाखान्याच्या नोंद विभागात आई आणि वडील दोघांच्या आधारच्या प्रती द्यायच्या. वडील हजर नसले तरी नाव लागतं, त्यांची सही लागत नाही. दवाखाना माहिती सीआरएस पोर्टलवर (जन्म-मृत्यू नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) भरतो. भरलेल्या मजकुराची छापील प्रत तिथेच मागायची आणि आईने स्वतः वाचायची. नोंद झाल्यावर दाखला सात दिवसांत मिळायला हवा.

निबंधकाने नकार दिला तर लेखी कारण मागा. नव्या कलम २५अ प्रमाणे ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील होतं आणि ते ९० दिवसांत निकाली काढायचं आहे. तोंडी "होणार नाही" वर अपील करता येत नाही, म्हणून अर्ज कार्यालयाच्या आवक नोंदीत चढवून पोच घ्या.

अडकित्ता

आणि दवाखान्याने केली नसेल म्हणून मामाने ग्रामपंचायतीत जाऊन दुसरी नोंद करू नये. एका बाळाच्या दोन नोंदी झाल्या की एक रद्द करावी लागते आणि तोवर दोन्ही दाखल्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. आधी पालिकेच्या निबंधकाकडे बाळाची जन्मतारीख आणि आईचं नाव देऊन शोध घ्यायला सांगायचं. नसेल तर दवाखान्याला लेखी पत्र.

नदीकाठ_३

छापील प्रत वाचताना इंग्रजी आणि मराठी दोन्ही नावं बघा. मराठीत 'शुभांगी' बरोबर असतं आणि इंग्रजीत एक अक्षर गळालेलं असतं. नोंद पक्की होण्याआधी ते दवाखान्यातच सुधारतं. नंतर कलम १५ चा अर्ज, पुरावे, आणि मजकुराची चूक असेल तर माहितगार दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन.